कंडरापेशींचे संवर्धन: प्रयोगशाळेतून ऊतिदुरुस्तीकडे

स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचविणारा चिवट, दोरीसारखा बंध म्हणजे कंडरा. हा बंध तुटला किंवा झिजला, तर तो पूर्ववत होणे कठीण असते. रुग्णाच्याच कंडरेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या दुखावलेल्या जागी सोडण्याच्या पद्धतीवर जगभर संशोधन सुरू आहे. पेशींची संख्या वाढविणे त्यात तुलनेने सोपे असून, त्यांचा मूळ गुणधर्म टिकविणे हे खरे आव्हान ठरले आहे.

काशीची परंपरा

शरीरदुरुस्तीच्या या शास्त्राची भारतीय परंपरा वाराणसीशी निगडित आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी केलेला उपदेश, असे सुश्रुतसंहितेचे स्वरूप आहे. या ग्रंथाच्या शारीरस्थानात १६ कंडरा सांगितल्या आहेत. हात, पाय, मान आणि पाठ यांत त्या प्रत्येकी ४ आहेत. मात्र त्यातील ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध, तर मांसल भागाला ‘पेशी’ म्हटले आहे. आजच्या मराठीत या दोन्ही शब्दांचे अर्थ बदलले आहेत.

काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याचे वैद्यकीय विज्ञान संस्थेत रूपांतर झाले. या संस्थेच्या उभारणीत अग्रणी असलेले शल्यविशारद डॉ. के. एन. उडुपा यांनी अमेरिकेतील डॉ. डन्फी यांच्यासह जखम भरून येण्याच्या रासायनिक टप्प्यांचा अभ्यास केला. तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. जखमेत आधी पायाभूत द्रव्य साचते आणि नंतर कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तयार होतात, असा क्रम त्यात मांडला आहे. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी वाराणसीत कांडवेलीचा अस्थिभंगावर होणारा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासला.

कंडरा सहज का भरत नाही?

कंडरेचा बहुतांश घन भाग कोलॅजेनचाच असतो. त्यात पेशी विरळ असतात आणि रक्तपुरवठाही कमी असतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, टाचेमागील कंडरेचा गाभा वयाच्या सुमारे १७ वर्षांनंतर जवळजवळ नव्याने घडत नाही. इजा झाल्यावर तेथे व्रणऊती तयार होते. तिचे तंतू मूळ कंडरेइतके सरळ आणि मजबूत नसतात.

पेशी कशा वाढवितात?

निरोगी कंडरेचा लहानसा तुकडा काढून विकरांच्या साहाय्याने त्यातील पेशी सुट्या करतात. जंतुविरहित पात्रात, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला त्या काही आठवडे वाढवितात. नंतर सोनोग्राफीच्या आधारे त्या दुखावलेल्या भागात टोचल्या जातात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे कोपराच्या जुनाट दुखण्यावर ही पद्धत वापरण्यात आली. त्यासाठी पेशी गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेतून घेतल्या होत्या.

सपाट पात्रात पेशींच्या पिढ्या वाढत गेल्या की त्या कंडरापेशींची वैशिष्ट्ये हळूहळू गमावतात. शरीरात त्यांना सतत ताण मिळतो. पात्रात तो मिळत नाही. म्हणून संशोधक तंतूंचा आधार देऊन पेशींना यंत्राने ताणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली मानवी तंतुपेशी यंत्रमानवाच्या खांद्यावर बसविलेल्या कक्षात १४ दिवस वाढविल्या आणि त्यांना रोज अर्धा तास हालचाल दिली. स्थिर ठेवलेल्या पेशींहून त्यांची वाढ वेगळी झाली. मात्र त्यापासून अधिक चांगली ऊती मिळते, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

भारतातील स्थिती

मुंबईस्थित रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या कास्थी आणि हाड यांसाठीच्या, रुग्णाच्याच पेशींपासून केलेल्या उपचारांना २०१७ साली केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली. कंडरेच्या उपचाराला ही मंजुरी आपोआप लागू होत नाही. २०१९ च्या नियमांनुसार पेशींपासून तयार केलेली उत्पादने ‘नवे औषध’ मानली जातात आणि त्यांना चाचण्या व मंजुरी आवश्यक असते.

रुग्णांनी आणखी एक भेद लक्षात घ्यावा. रक्तातील बिंबाणू वेगळे करून दिले जाणारे ‘पीआरपी’ इंजेक्शन म्हणजे पेशीसंवर्धन नव्हे. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली उपचार सुचविला गेल्यास पेशी कोठून घेतल्या, त्या कोठे वाढविल्या आणि या आजारासाठी मंजुरी आहे काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू भार वाढवीत केलेला व्यायाम हा कंडरेच्या जुनाट दुखण्यावरील मुख्य उपचार आहे. प्रयोगशाळेत पेशींना यंत्राने जो ताण द्यावा लागतो, तो शरीरात अशा व्यायामातून मिळतो.