नाविक युद्धातील कुशल उड्डाणकर्मींची हानी आणि युद्धाची दिशा : जपानी नौदलाचा अनुभव (१९४१-१९४४)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक रणक्षेत्राचे विवेचन करताना जून १९४२ मधील मिडवेच्या लढाईस बहुतेक ग्रंथांत निर्णायक स्थान दिलेले आढळते. या लढाईत अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू या जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर जपानचे निष्णात वैमानिकही नष्ट झाले, असे सर्वसाधारणपणे मांडले जाते. या विधानाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहणे आवश्यक ठरते. नौका किती बुडाल्या याइतकेच, त्यांवरून उड्डाण करणारी माणसे किती गेली व त्यांची जागा कोणी घेतली, हेही युद्धेतिहासात महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा जपानी नौदलाच्या संदर्भात विचार केला आहे.

निवडक सैनिकांचे दल

युद्धापूर्वी जपानी नौदलाने संख्येपेक्षा गुणवत्तेवर भर दिला होता. प्रवेशाच्या कसोट्या अत्यंत कठोर होत्या आणि प्रशिक्षण दीर्घ होते. युद्धाच्या प्रारंभी नौदलाच्या वैमानिकांच्या गाठीशी सरासरी सुमारे ७०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. अनेकांना चीनमधील युद्धाचाही अनुभव होता. या कौशल्याचा प्रत्यय ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे, तर एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात आला. सिलोनजवळ ब्रिटिशांच्या कॉर्नवॉल व डॉर्सेटशायर या क्रूझर आणि हर्मिस ही विमानवाहू नौका जपानी बॉम्बफेकी विमानांनी बुडवली. परंतु विमानवाहू नौकेवर काम करण्याची पात्रता असलेले उड्डाणकर्मी युद्धारंभी केवळ सुमारे २,००० होते. दल उत्कृष्ट होते. राखीव बळ मात्र तुटपुंजे होते.

मिडवे : समज आणि वस्तुस्थिती

जोनाथन पार्शल व अँथनी टली यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मिडवे येथे जपानचे ११० उड्डाणकर्मी मृत्युमुखी पडले. चारही नौकांवरील उड्डाणकर्मींच्या संख्येत हे प्रमाण एक चतुर्थांशाहून कमी होते. त्या मानाने विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांची हानी कितीतरी मोठी होती. असे ७०० हून अधिक कर्मचारी नौकांबरोबर गेले. जपानी नाविक हवाई दल मिडवे येथेच संपले, हे मत त्यामुळे स्वीकारता येत नाही.

याच लढाईत अमेरिकेच्या आठव्या पाणतीर तुकडीची उड्डाण केलेली सर्व १५ विमाने पडली व त्यांतील ३० जणांपैकी एकच वाचला. तरीही अमेरिकेचे हवाई दल खचले नाही. म्हणजेच निव्वळ हानीच्या आकड्यावरून परिणामाचे मोजमाप करता येत नाही.

झीज आणि सांताक्रूझ

ही झीज मिडवेपूर्वीच सुरू झाली होती. मे १९४२ मधील कोरल समुद्राच्या लढाईत जपानने सुमारे ९० उड्डाणकर्मी गमावले. झुइकाकू ही नौका अभंग असूनही तिच्यावरील हवाई तुकडी विरळ झाल्याने ती मिडवेला जाऊ शकली नाही. उलट अमेरिकेने जखमी यॉर्कटाउनची तातडीने डागडुजी केली, तिच्यावर सॅराटोगा नौकेच्या तुकड्या चढवल्या आणि तिला मिडवेला धाडले. जपानमध्ये नौका व तिची हवाई तुकडी यांचे नाते अतूट मानले जाई. अमेरिकेने ते लवचिक ठेवले होते.

ऑगस्टमधील पूर्व सॉलोमनच्या लढाईत आणखी ६१ जण गेले. २६ ऑक्टोबर १९४२ रोजीच्या सांताक्रूझ बेटांजवळील लढाईत जपानने हॉर्नेट ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवली. वरकरणी हा विजय होता. परंतु त्यात १४८ उड्डाणकर्मी कामी आले, तर अमेरिकेचे सुमारे २६. पर्ल हार्बरवरील पाणतीर हल्ल्याचे नेते शिगेहारू मुराता व बॉम्बफेकी पथकाचे प्रमुख मामोरू सेकी यांसारखे नेतृत्व करणारे अधिकारी याच दिवशी पडले. या चार लढायांतील मृतांची बेरीज ४०९ होते. शिवाय राबौलहून सुमारे १,००० किलोमीटर दूर असलेल्या ग्वाडलकॅनालवर होणाऱ्या मोहिमांत जमिनीवरील तळांचे वैमानिकही सातत्याने खर्ची पडत होते. एप्रिल व नोव्हेंबर १९४३ मध्ये विमानवाहू नौकांच्या तुकड्याही राबौलला उतरवण्यात आल्या आणि जे काही पुन्हा उभे केले होते, तेही झिजले.

पुनर्भरणाची व्यवस्था

अमेरिकेने अनुभवी वैमानिकांना ठरावीक काळानंतर मायदेशी परत बोलावून प्रशिक्षक म्हणून नेमले. पेन्सकोला व कॉर्पस क्रिस्टी येथील प्रशिक्षण केंद्रे मोठ्या प्रमाणावर कार्यरत होती. मिशिगन सरोवरात वुल्व्हरिन व सेबल या दोन प्रवासी बोटींचे रूपांतर सरावाच्या विमानवाहू नौकांत करण्यात आले. समुद्रात पडलेल्या उड्डाणकर्मींच्या सुटकेसाठी पाणबुड्या व उडत्या नौका तैनात असत. युद्धकाळात पाणबुड्यांनी ५०४ जणांना वाचवले. जपानी वैमानिक मात्र बहुधा मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत आघाडीवरच राहत. त्यामुळे त्यांचे कौशल्य नव्या पिढीकडे पोहोचण्याचा मार्गच खुंटला. इंधनटंचाईने सरावाचे तास आणखी घटवले.

परिणाम : १९४४

१९ व २० जून १९४४ रोजी फिलिपाइन समुद्रात हा परिणाम उघड झाला. अॅडमिरल जिसाबुरो ओझावा यांच्याकडे नऊ विमानवाहू नौका होत्या. पण त्यांच्या हवाई तुकड्यांना एकत्र सरावासाठी दोन ते सहा महिनेच मिळाले होते. तावी-तावी येथील मुक्कामात अमेरिकन पाणबुड्यांच्या भीतीने तोही सराव थांबला. परिणामी सुमारे ४०० विमाने नष्ट झाली. अमेरिकेने १२३ विमाने गमावली. त्यांपैकी बहुतेक २० जूनच्या रात्री परतताना इंधन संपल्याने वा उतरताना गेली आणि त्यांतील बहुसंख्य उड्डाणकर्मी वाचवण्यात आले. चार महिन्यांनी लेटेच्या लढाईत ओझावांच्या चार विमानवाहू नौका जेमतेम शंभरावर विमाने घेऊन केवळ शत्रूला भुलवण्यासाठी पाठवण्यात आल्या व बुडाल्या. याच महिन्यात संघटित आत्मघातकी हल्ल्यांना प्रारंभ झाला.

निष्कर्ष

जपानी नाविक हवाई दलाचा ऱ्हास एका लढाईत झाला नाही. तो सुमारे दोन वर्षांच्या झिजेतून घडला. कुशल मनुष्यबळाची हानी दोन्ही पक्षांची झाली. परंतु एकाने तिची भरपाई करणारी शिक्षणव्यवस्था उभारली, तर दुसऱ्याने अल्पकाळ चालणाऱ्या युद्धाचे गृहीत धरून सर्वोत्तम माणसे एकदाच पणाला लावली. १९४२ च्या अखेरीस झुइकाकू पुन्हा एकदा अभंग अवस्थेत, परंतु वैमानिकांअभावी मायदेशी परतली. १९४४ मध्ये संपूर्ण ताफ्याची तीच गत झाली. नौका गोदीत पुन्हा बांधता येते. तिच्या डेकवरून उड्डाण करणारा माणूस घडवण्यास गुरू आणि अवधी दोन्ही लागतात. जपानने गुरू रणांगणावर गमावले आणि अवधी शत्रूने दिला नाही.