चुकलेल्या सुताचा इतिहास

सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर उधना मागे पडले की चलथाण लागते, आणि त्याच मार्गावर पुढे बारडोली येते. चलथाण आज साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. कालव्याचे पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला. त्यापूर्वी येथील काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध होती. त्या कापसाचे सूत हाताने काढण्याचा एक मोठा प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या टापूत व इतरत्र झाला. तो यशस्वी झाला की फसला, यावर वाद पुष्कळ झाले आहेत. त्या प्रयोगातील चुकांकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले नाही.

हाताने काही घडविणाऱ्या प्रत्येकाला चुकत चुकत शिकावे लागते. सुयांवर लोकर विणणारी गृहिणी टाके सोडते आणि उसवून पुन्हा घालते. लोकर भिजवून, दाबून नमदा करणाऱ्याच्या हातून आधी काही तुकडे वेडेवाकडे आटतात. मण्यांचे दागिने ओवणाऱ्याची पहिली माळ बहुधा तुटतेच. या चुकांचा इतिहास उरत नाही, कारण उसवलेल्या विणीची नोंद कोणी ठेवीत नाही. हातकताईची गोष्ट निराळी आहे. तेथे चुका मोजल्या गेल्या, छापल्या गेल्या आणि त्यांवर जाहीर चर्चा झाली. म्हणून हौशी माणूस कसा शिकतो, याचा एक चांगला पुरावा त्या इतिहासात सापडतो.

आरंभच अज्ञानातून झाला. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज' लिहिले, तेव्हा त्यांनी चरखा पाहिलेलाही नव्हता, हे त्यांनी पुढे आत्मकथेत स्वतःच सांगून टाकले आहे. १९१५ नंतर अहमदाबादच्या आश्रमात हातमाग बसविले. पण आश्रमवासीयांत कारागीर एकही नव्हता. पालनपूरहून एक विणकर आणला, त्याने आपली सगळी विद्या काही दिली नाही. मगनलाल गांधी यांना यंत्राची उपजत समज होती. त्यांनी माग खोलून, जोडून, बिघडवून आणि सुधारून ती कला हस्तगत केली. तरी माग चालायचे ते गिरणीच्या सुतावर. हातसूत मिळेना, कारण चरखाच मिळेना.

तो गंगाबेन मजमुदार या निर्भय विधवेने शोधून काढला. गुजरातभर हिंडल्यावर बडोदे संस्थानातील विजापूर येथे अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले चरखे तिला आढळले. कातणाऱ्या स्त्रिया हात चालवावयास तयार होत्या. पेळू मात्र हवे होते. मुंबईच्या उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरविले. लवकरच ध्यानी आले, की गिरणीचाच पेळू घ्यावयाचा, तर गिरणीचे सूत घेण्यास हरकत ती कोणती? मग पिंजारी शोधण्यात आला. मुंबईत गांधीजी आजारी होते, त्या खोलीत चरखे आले आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया तेथे कातावयास शिकल्या. आश्रमात निघालेली पहिली खादी वारास १७ आणे पडली. तिचा पन्हा अवघा ३० इंच होता, त्यामुळे धोतर नेसणे अवघड होई. गंगाबेनने महिन्याभरात ४५ इंची पन्ह्याचे कापड विणून घेतले. प्रत्येक अडचणीने पुढच्या अडचणीकडे बोट दाखविले, एवढाच त्या काळाचा क्रम होता.

येथवर चुकीची किंमत थोडी होती. सूत तुटले तर ते जोडले जाई. पीळ कमी पडला तर धागा मागावर टिकत नसे, जास्त झाला तर त्याला आढ्या पडत. कातणाऱ्याचा हात आणि चातीची गती यांचा मेळ बसेपर्यंत हे व्हावयाचेच. पण १९२४ साली हा छंद एकदम नियम झाला. गांधीजी ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्या बेळगावच्या काँग्रेसने सभासदाची वर्गणी सुतात घेण्याचे ठरविले: महिन्याला २,००० वार समान सूत. ज्यांच्या हाताला कातण्याची आवड नव्हती, त्यांना दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा ठेवण्यात आली. येथेच पाणी मुरले. आवडीने शिकणारा आपली चूक शोधतो. सक्तीने कातणारा ती लपवितो किंवा विकत घेतलेल्या सुताने झाकतो. वर्ष उलटण्यापूर्वीच, १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास, ती अट शिथिल करून चार आण्यांची वर्गणीही मान्य झाली. त्याच वेळी कताईच्या कामासाठी अखिल भारत चरखा संघाची स्थापना करण्यात आली.

बारडोलीच्या बाजूला याहून वेगळी रीत रुजली. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौराच्या प्रकारानंतर तेथील कायदेभंग थांबविण्यात आला आणि कार्यकर्त्यांच्या हाती विधायक काम राहिले. लक्ष्मीदास आसर यांच्यासारखी माणसे चरख्याच्या सुधारणेत गढून गेली. वेडछी परिसरातील राणीपरज आदिवासींत चुनीभाई मेहता व जुगतराम दवे यांनी काम उभे केले. तेथे घरच्यासाठी सूत कातावे, पिंजणेही स्वतः शिकावे आणि त्याचे कापड स्वतः वापरावे, यावर भर होता. जिचे सूत कच्चे, तिचेच लुगडे लवकर फाटे. चूक आणि तिची जाणीव यांत अंतर उरत नसे. हौसेने लोकर विणणारीला आपल्याच मुलाच्या अंगात स्वेटर घट्ट झालेला दिसतो, तशीच ही शाळा होती.

यंत्र सुधारण्याचे प्रयत्नही असेच पडत-अडखळत चालले. सुरतेत निघालेल्या 'गांडीव' नावाच्या सुटसुटीत चरख्यावर गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात कातून पाहिले. सातारचे काका कालेलकर तेव्हा त्यांच्यासोबत होते. पेटीत मिटून ठेवता येणारा 'येरवडा चक्र' याच काळातला. त्याआधी, १९२९ साली, चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र खेड्यात चालावे, स्त्रीला आठ तास फारसा शीण न होता वापरता यावे आणि किंमत १५० रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काळे यांनी सिद्ध केलेले यंत्र कसोटीपर्यंत पोहोचले, तरी सर्व अटी पुऱ्या झाल्या नाहीत. बक्षीस कोणासच मिळाले नाही. इंग्लंडातही १७६१ च्या सुमारास कलांना उत्तेजन देणाऱ्या एका मंडळाने एकाच वेळी सहा धागे काढणाऱ्या यंत्रासाठी बक्षीस लावले होते. पुढे काही वर्षांतच हारग्रीव्ह्जचे 'जेनी' यंत्र निघाले. तेथे यंत्राने अधिक सूत काढले, की काम भागत होते. येथे त्याने खेड्यातील बाईच्या हातचे काम तिच्याच हाती ठेवावयाचे होते, आणि तीच अट सर्वांत अवघड ठरली.

याहून गंभीर चूक यंत्रात नव्हती, हिशेबात होती. चरखा संघाची दहा वर्षे खादी स्वस्त करण्याच्या खटपटीत गेली. खादी स्वस्त व्हावी, तर कुठेतरी काटकसर हवी. ती कातणारीच्या मजुरीत झाली. दिवसभर कातून दोन आणेही हाती न पडावेत, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. सभासदाच्या फुरसतीतील सूत कच्चे निघाले, तर त्याचे काही बिघडत नसे. मजुरीने कातणारीचे सूत कच्चे निघाले, तर तिचा दाम घटे. हौशी माणसाची चूक सुताला लागते, गरिबाची पोटाला लागते, हा भेद हौसेने कातणाऱ्यांना उशिरा उमगला.

तो उमगला, तोही प्रयोगानेच. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबा भावे यांनी केवळ कताईच्या मजुरीवर राहून पाहिले. ते तासन्‌तास बसून कातीत, उभे राहून कातीत, उजव्या हाताने आणि डाव्या हाताने कातीत, आणि किती तार निघाले ते टिपून ठेवीत. चार फुटांचा एक तार व ६४० तारांची एक गुंडी, या मापाने दिवसाची कमाई काढली, म्हणजे त्या मजुरीत माणूस जगू शकत नाही हे आकड्यांनीच दिसून येई. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवनवेतनाच्या दिशेने मजुरी वाढवून देण्याचा ठराव केला. खादी महागली व विक्रीची चिंता उत्पन्न झाली. त्यावर उपाय म्हणून स्त्रियांना चांगले पिंजण्याचे व कातण्याचे शिक्षण देण्याकडे संघाला वळावे लागले. हे शिक्षण आधीच व्हावयास हवे होते.

स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूचे एकांबरनाथ यांचा अंबर चरखा पुढे आला. प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ साली ग्रामोद्योगांचा विचार करताना त्याची दखल घेतली. त्यातही दोष निघाले, नमुने बदलले, चात्या वाढल्या. हातसुताने गिरणीला हटविले नाही, हे उघड आहे. आज सुरत शहर कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी नावाजलेले आहे, आणि चलथाणच्या आसपासही यंत्रमागांचा व रंगाईचा व्याप वाढला आहे.

तरी त्या जुन्या सुताने शिकविलेले वाया जाऊ नये. आज पुष्कळ स्त्रीपुरुष फुरसतीच्या वेळी विणतात, नमदे करतात, दागिने घडवितात. त्यांनी निःसंकोच चुकावे. मात्र चूक मोजावी, लिहून ठेवावी आणि दुसऱ्याला सांगावी. आणि जेव्हा आपली हौस एखाद्या गरजू बाईच्या हाती काम म्हणून सोपवावयाची वेळ येईल, तेव्हा शिकण्याच्या दिवसांत बिघडणाऱ्या मालाची किंमत तिच्या मजुरीतून कापून घेऊ नये. चरखा संघाला एवढे कळावयास दहा वर्षे लागली.