वर्ष नसलेली किंमतपत्रकं

नांगर, पंप, उसाचे चरक यांच्या जुन्या किंमतपत्रकांवर छपाईचं वर्ष बहुधा नसतंच. माल दोन-चार हंगाम विकायचा, मग पत्रक जुनं दिसून कसं चालेल? संग्राहकाची खरी परीक्षा इथेच सुरू होते.  सातारा-सांगलीत मात्र हे कोडं सोडवायला इतिहासच मदतीला येतो.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि 1910 मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. त्यामुळे पत्त्यात बेळगाव असेल तर पत्रक बहुधा त्याआधीचं. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’पुढे ‘लिमिटेड’ आलं ते 1920 मध्ये. ‘औंध संस्थान’ असेल तर 1948 च्या विलीनीकरणापूर्वीचं.

खरी गंमत त्यानंतरच्या पत्त्यांत आहे. 1 ऑगस्ट 1949 ला सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि किर्लोस्करवाडी दक्षिण साताऱ्यात गेली. 21 नोव्हेंबर 1960 ला त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आता पत्त्याशेजारी किमती वाचा. आणे-पै असतील तर कागद साधारण 1957 पूर्वीचा, कारण त्या वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ हे नाव 1964 पर्यंतच चाललं. म्हणजे ‘दक्षिण सातारा’ आणि ‘नये पैसे’ एकाच पानावर सापडले, की छपाई पावणेचार वर्षांच्या आत येऊन बसते! पिनकोड दिसला तर 1972 नंतरचं.

चित्रांवर मात्र भिस्त ठेवू नये. ठसे महाग असत. एकच ठसा वर्षानुवर्षं वापरला जाई. जुन्या साठ्यावर नव्या दराची चिठ्ठी चिकटवणं, रबरी शिक्का मारणं हेही सर्रास चाले. म्हणून पत्रकातली सर्वांत उशिराची खूण प्रमाण मानावी आणि चिठ्ठी मूळ छपाईपासून वेगळी धरावी. ती चिठ्ठी काढून टाकणं हा तर गुन्हाच: तिच्यासोबत दरवाढीचा पुरावाही जातो.

हीच पद्धत कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या जाहिरातींना आणि सातारारोडच्या कूपर कारखान्याच्या पत्रकांनाही लागू पडते. ओगल्यांचा काचकारखाना 1916 चा, कूपरांचा 1922 चा. त्याआधीचं पत्रक कुणी दाखवलं, तर संशय घ्यावा.

या दोन जिल्ह्यांतल्या शेतीच्या यांत्रिकीकरणाची अशी साक्ष दुसरीकडे क्वचितच मिळेल. कुठलं अवजार कधी आलं, काय भावाला मिळालं, हे या पत्रकांत लिहिलेलं आहे. वाड्यातल्या किंवा सोसायटीच्या कपाटातल्या जुन्या फायली रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, आणि असं पत्रक सापडलं तर जवळच्या ग्रंथालयाला द्या.