‘मेटॅलिका’ बदलली की बाजाराला शरण गेली?

जून १९९६ मध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘लोड’ हा सहावा अल्बम प्रसिद्ध झाला, तेव्हा वादाला तोंड फुटले ते गाण्यांइतकेच केसांवरून. खांद्यावर रुळणारे केस आणि काळे कपडे ही ज्यांची दशकभराची ओळख, ते चौघे वादक अल्बमच्या छायाचित्रांत आखूड केसांत दिसत होते. काहींनी डोळ्यांत काजळ घातले होते. बँडचे टोकदार अक्षरांतील जुने बोधचिन्हही बदलले होते. जुन्या चाहत्यांनी या सगळ्याला एकच शब्द लावला : ‘सेलआउट’. पैसा आणि प्रसिद्धीसाठी आपली कला व तत्त्वे विकणारा कलावंत, असा या शब्दाचा रोख असतो.

रॉक संगीतात हा आरोप नवा नाही. तथापि मेटॅलिकाच्या वाट्याला तो जितक्या वेळा आला आणि प्रत्येक वेळी जितका वेगळ्या कारणाने आला, तसे उदाहरण विरळाच. १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या या बँडचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम २०२३ मध्ये आला. मधल्या चार दशकांत त्याचे संगीत अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलाबरोबर चाहत्यांत दोन तट पडले. या वादाचा इतिहास पाहिला, तर भांडण केवळ सुरांचे नव्हते, हे लक्षात येते.

कॅसेटच्या देवघेवीतून जन्म

गायक व गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि मूळचा डेन्मार्कचा ड्रमवादक लार्स उलरिक यांनी बँड सुरू केला, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये ‘ग्लॅम मेटल’चा बोलबाला होता. फुगवलेले केस, रंगरंगोटी केलेले चेहरे आणि गुणगुणता येतील अशी गाणी, हे त्या प्रवाहाचे स्वरूप होते. मेटॅलिकाने नेमकी उलटी वाट धरली. पंक संगीताचा वेग आणि ब्रिटिश हेवी मेटलमधील भारदस्त गिटार यांच्या संकरातून ‘थ्रॅश मेटल’ ही शैली आकाराला आली. पुढे मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे तिचे चार आधारस्तंभ मानले गेले.

या संगीताला सुरुवातीला ना रेडिओने जागा दिली, ना दूरचित्रवाणीने. १९८२ मध्ये बँडने ‘नो लाइफ टिल लेदर’ ही नमुना कॅसेट तयार केली. चाहत्यांनी तिच्या प्रती घरच्या घरी काढल्या आणि टपालाने एकमेकांना धाडल्या. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत जुन्या बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवणाऱ्या जॉन झाझुला यांच्या हाती ती पडली. त्यांनी बँडला पूर्वेकडे बोलावून घेतले, स्वतःची ‘मेगाफोर्स’ ही कंपनी उभी केली आणि १९८३ मध्ये ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम काढला.

पुढच्या सर्व वादांचे मूळ येथे आहे. हा बँड एखाद्या बड्या कंपनीने घडवलेला नव्हता. चाहत्यांनी हातोहात पोहोचवलेला होता. साहजिकच तो ‘आपला’ आहे, ही भावना त्यांच्यात केवळ आवडीपुरती उरली नाही. तिला हक्काचे रूप आले.

पहिला आरोप १९८४ मध्ये

बँडवर बाजारूपणाचा पहिला ठपका बसला, तेव्हा त्याच्याकडे विकण्यासारखे फारसे काही नव्हते. १९८४ च्या ‘राइड द लाइटनिंग’ या दुसऱ्या अल्बममध्ये ‘फेड टू ब्लॅक’ हे गाणे होते. त्याची सुरुवात साध्या अकूस्टिक गिटारने, संथ लयीत होते आणि आशय आहे आत्महत्येच्या उंबरठ्यावरील निराशेचा. वेगालाच धर्म मानणाऱ्या काही श्रोत्यांना ते पचले नाही. संथ गाणे म्हणजे रेडिओसाठी केलेली तडजोड, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज हेच गाणे बँडच्या अभिजात रचनांत गणले जाते.

त्याच वर्षी बँड ‘इलेक्ट्रा’ या मोठ्या कंपनीकडे गेला; पण १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ने शंका मिटवल्या. साडेआठ मिनिटांचे शीर्षकगीत, गुंतागुंतीची रचना आणि कुठेही सैल न पडणारा वेग यांमुळे हा अल्बम थ्रॅशचा मानदंड ठरला. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी स्वीडनमध्ये बस उलटून बासवादक क्लिफ बर्टनचा मृत्यू झाला. तो अवघा २४ वर्षांचा होता. पुढे बँडने काहीही नवे केले, की ‘क्लिफ असता तर’ हा प्रश्न चाहत्यांच्या ओठांवर येऊ लागला. वास्तविक बर्टनची स्वतःची संगीतरुची थ्रॅशपुरती मर्यादित नव्हती. पाश्चात्त्य अभिजात संगीताचाही त्याला ओढा होता.

१९८९ मध्ये आणखी एक कुंपण ओलांडले गेले. तोवर व्हिडिओ न काढणे हा मेटॅलिकाच्या स्वाभिमानाचा भाग मानला जाई. ‘वन’ या गाण्यासाठी बँडने पहिला व्हिडिओ काढला आणि पुन्हा कुजबुज सुरू झाली. युद्धात हातपाय, डोळे आणि वाचा गमावलेल्या सैनिकाची व्यथा सांगणारे सुमारे साडेसात मिनिटांचे गाणे हा बाजाराचा सोपा माल नव्हता, हे मात्र विरोधकांनाही मान्य करावे लागले.

काळे मुखपृष्ठ, दोन कोटींपलीकडची विक्री

खरी फूट पडली ती ऑगस्ट १९९१ मध्ये. बँडचेच नाव असलेला पाचवा अल्बम त्याच्या मुखपृष्ठामुळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जातो. निर्माता बॉब रॉकची निवड हाच अनेकांना धक्का होता. कारण त्याने ‘मॉटली क्रू’ या ग्लॅम बँडचा ‘डॉ. फीलगुड’ घडवला होता. ज्या प्रवाहाविरुद्ध मेटॅलिका उभी राहिली, त्याच प्रवाहातला माणूस तिच्या ध्वनिमुद्रणाला बसला होता.

संगीतातील बदलही स्पष्ट होता. आधीच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’चे शीर्षकगीत जवळपास दहा मिनिटांचे होते, तर ‘एंटर सँडमॅन’ साडेपाच मिनिटांत संपते. लय मंदावली, एकाच गिटार-तुकड्याभोवती गाणे बांधले जाऊ लागले, बास आणि ड्रम ठळक झाले. हेटफिल्डच्या ओरडण्याची जागा गायनाने घेतली. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ला संगीतकार मायकेल केमन यांनी वाद्यवृंदाची जोड दिली. अल्बमच्या जगभरात दोन कोटींहून कितीतरी अधिक प्रती खपल्या. एकट्या अमेरिकेत हा आकडा १ कोटी ६० लाखांपलीकडे आहे.

चाहत्यांची तक्रार निराधार होती, असे म्हणता येणार नाही. अधिक मोठा आणि अधिक लोकांपर्यंत पोहोचणारा नाद बँडला हवा होता आणि त्यासाठीच बॉब रॉकला बोलावले होते. पण एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’ला सर्वाधिक ‘बाजारू’ ठरवले गेले, ते हेटफिल्डने प्रेयसीपासून दूर असताना स्वतःपुरते रचले होते, बँडसाठी नव्हे. बाहेरून जे सौदा वाटत होते, ते प्रत्यक्षात सर्वांत खासगी गाणे होते. बासवादक जेसन न्यूस्टेडने तर ‘सेलआउट’ या शब्दावरच कोटी केली होती. होय, आम्ही सगळे विकतो, प्रत्येक कार्यक्रमाची प्रत्येक खुर्ची विकली जाते, अशा आशयाचे त्याचे उत्तर चाहत्यांच्या कायमचे लक्षात राहिले.

या पार्श्वभूमीवर १९९६ चे काजळ अधिक झोंबले. ‘लोड’ आणि १९९७ चा ‘रीलोड’ यांत ब्लूज, कंट्री आणि सदर्न रॉकचे रंग होते. ‘मामा सेड’ तर सरळ कंट्री वळणाचे गाणे. आपल्याकडील रसिकांच्या भाषेत सांगायचे, तर बँडने घराणेच सोडले होते. त्या काळातील रूपाबद्दल हेटफिल्डनेही पुढे मुलाखतींतून नापसंती व्यक्त केली. मात्र केस कापल्याने गाणी बिघडली, हा युक्तिवाद टिकणारा नव्हता. ‘लोड’ची विक्री चांगली झाली तरी ती ‘ब्लॅक अल्बम’च्या जवळपासही पोहोचली नाही. निव्वळ पैसाच हवा असता, तर दुसरा ‘ब्लॅक अल्बम’ काढणे अधिक शहाणपणाचे ठरले असते.

न्यायालयात चाहते

सर्वांत खोल जखम मात्र कोणत्याही गाण्याने केली नाही. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिकाने ‘नॅपस्टर’ या संगीत देवाणघेवाणीच्या सेवेविरुद्ध खटला दाखल केला. ‘आय डिसअपीयर’ या अप्रकाशित गाण्याचे कच्चे मुद्रण तेथून पसरून रेडिओवर वाजू लागले होते. मे महिन्यात बँडच्या वतीने तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी कंपनीकडे सोपवण्यात आली. जुलैमध्ये उलरिकने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली.

कायद्याच्या दृष्टीने बँडची बाजू भक्कम होती. आपले संगीत कोणी, कसे वाटावे हे ठरवण्याचा अधिकार कलावंताचा, हा त्याचा मुद्दा होता. नव्वदच्या दशकापासून प्रेक्षकांना स्वतःच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करू देणारा हा बँड होता, हेही खरे. पण यादीतली नावे त्याच्याच श्रोत्यांची होती. कॅसेटच्या प्रती काढून ज्यांनी बँडला वाढवले, त्यांच्या धाकट्या भावंडांना आता चोर म्हटले जात होते. खटला २००१ मध्ये समेटाने मिटला. नाराजी मिटायला बराच काळ लागला.

मागितले ते मिळाल्यावर

२००३ चा ‘सेंट अँगर’ हा या वादातील सर्वांत बोलका पुरावा आहे. न्यूस्टेड बाहेर पडला होता, हेटफिल्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांतून परतला होता. या अल्बममध्ये एकही गिटार सोलो नव्हता आणि स्नेअर ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा असल्याची टीका झाली. गाणी लांब, खरखरीत आणि रेडिओला न पेलणारी. बाजारूपणाचा लवलेश नसलेल्या या अल्बमवर जुने चाहतेच सर्वाधिक तुटून पडले. २०११ मध्ये गायक लू रीड यांच्यासमवेत केलेल्या ‘लुलू’ची गतही तीच झाली. म्हणजे विक्रीयोग्य संगीत केले तर गद्दारी आणि न विकले जाणारे केले तर अपराध, अशी बँडची कोंडी होती.

दरम्यान २००८ मध्ये निर्माता रिक रुबिनच्या मार्गदर्शनाखाली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. वेग परतला, सोलो परतले, लांब रचनाही परतल्या. तेव्हा तक्रार निघाली ती ध्वनिमुद्रण अतिकर्कश असल्याची. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधील तीच गाणी अधिक स्वच्छ ऐकू येतात, हे चाहत्यांनीच दाखवून दिले. ही तक्रार रास्त होती आणि ‘सेलआउट’ या सरधोपट शिक्क्यापेक्षा कितीतरी नेमकीही.

नवे श्रोते, जुना प्रश्न

भारतातील चाहत्यांची मेटॅलिकाशी समोरासमोर भेट होईपर्यंत बँडला तीस वर्षे झाली होती. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगाव येथील कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि संतप्त प्रेक्षकांनी मोडतोड केली. दोन दिवसांनी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम झाला आणि त्यासाठी मुंबई-पुण्यासह देशभरातून श्रोते गेले. यांतील अनेकांनी हा बँड प्रथम ऐकला, तो ‘ब्लॅक अल्बम’च्या कॅसेटवर. अमेरिकेतील जुन्या चाहत्याला जेथे बँड संपल्यासारखा वाटला, तेथूनच त्यांचा प्रवास सुरू झाला होता.

२०२२ मध्ये हेच चित्र नव्याने दिसले. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजले आणि १९८६ चे ते गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या यादीत प्रथमच आले. मालिकेमुळे आलेले हे श्रोते ‘खरे’ नव्हेत, अशी कुरकूर काही जुन्या चाहत्यांनी केली. बँडने मात्र कोण कधी आले याचा हिशेब न ठेवता सर्वांचे स्वागत केले.

या चार दशकांकडे पाहता ‘सेलआउट’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या दिसतात. पहिली सुरांची, तिच्यावर काळाने बहुतेक वेळा बँडच्या बाजूने निकाल दिला. दुसरी रूपाची, ती केस वाढताच विरली. तिसरी नात्याची, म्हणजे जो बँड आम्ही वाढवला, तो आम्हाला ओळखतो का, ही. ‘नॅपस्टर’ प्रकरणात तिच्यात तथ्य होते आणि म्हणूनच ती सर्वाधिक काळ टिकली. बँडने बदलू नये, ही चाहत्यांची अपेक्षा वाजवी नव्हती. आपल्याला परके करू नये, ही मात्र होती. मेटॅलिकाच्या कार्यक्रमांत आजही ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आणि ‘एंटर सँडमॅन’ ही दोन्ही गाणी वाजतात. समोरच्या गर्दीत दोहोंना दाद देणारे असतात, तसेच यांपैकी एकाच गाण्याला हात उंचावणारेही असतात.