कार्बोरेटरवाली बाईक सिग्नलला बंद पडते? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

सिग्नलला थांबलात, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद. परत किक, परत बंद. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाईक्समध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर १५० अशा भरपूर गाड्या अजून कार्बोरेटरवरच चालतात. तिथे एरर कोड दिसत नाही, लक्षणांवरून दोष शोधावा लागतो.

अशा वेळी सगळे एकच उपाय करतात : रेसिंग वाढवणे. त्याने गाडी चालू राहते, पण मूळ दोष तसाच राहतो. वर पेट्रोल जास्त जातं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडीचा वेग हवा तसा उतरत नाही. म्हणून स्क्रू सगळ्यात शेवटी.

आत नेमकं काय होतं?

ॲक्सिलरेटर सोडला की कार्बोरेटरमधला हवेचा मार्ग जवळजवळ बंद होतो. आता पेट्रोल मेन जेटमधून नाही, तर पायलट जेटच्या भोकातून येतं. हे भोक अर्धा मिलिमीटरही नसतं. एक बारीक कण अडकला तरी आयडलिंग बिघडतं, पण वेगात गाडी ठीक पळते.

पूर्ण ज्वलनासाठी १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, पेट्रोल जास्त झालं तर ‘रिच’. दोन्हीत गाडी बंद पडते, पण उपाय उलटे आहेत.

फोनवर आरपीएम मोजा

या गाड्यांचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतं; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. मीटरवर आरपीएम दिसत नसेल तर फोन वापरा. गाडी उघड्यावर उभी करा, सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर फोन धरून आवाज रेकॉर्ड करा आणि एखाद्या ऑडिओ एडिटरमध्ये झूम करा. एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठोका पडतो. म्हणून ५ सेकंदांतले ठोके मोजा आणि २४ ने गुणा. ५८ ठोके म्हणजे १३९२ आरपीएम.

लक्षणं काय सांगतात?

- चोक ओढला की चालते, सोडला की बंद : मिश्रण लीन आहे. पायलट जेटमध्ये कचरा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.
- रेसिंग आपोआप चढते, लवकर उतरत नाही : कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडाच्या रबरातून किंवा ओ-रिंगमधून हवा शिरत असेल. तिथे स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर लीक तिथेच. पेट्रोल किंवा क्लीनर गरम इंजिनावर मारू नका, आग लागू शकते.
- हँडल वळवलं की रेसिंग वाढते : ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. मुठीला थोडा मोकळेपणा हवाच.
- काळा धूर, प्लग काजळलेला : मिश्रण रिच. आधी एअर फिल्टर पाहा, मग चोक पूर्ण बंद होतो का ते.
- कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल गळतं : फ्लोटच्या नीडलमध्ये कचरा किंवा झीज.
- गार असताना ठीक, तापल्यावर बंद : टॅपेट तपासून घ्या.

गाडी महिनोन् महिने उभी असेल तर आधी जुनं पेट्रोल काढा. ते उडून जाताना मागे चिकट थर राहतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. इंजिन गार असताना कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसला तर उत्तर मिळालं.

आता स्क्रू

स्क्रू दोन असतात. एक आयडलिंगचा वेग ठरवतो, दुसरा मिश्रण. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो : बाहेर काढला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल सोडतो : बाहेर काढला की रिच. त्यावर सीलबंद टोपी असेल तर ती फोडू नका.

१. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करा.

२. मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा. किती फेरे झाले ते फोनमध्ये लिहा आणि तेवढेच परत काढा. जोर लावला तर टोक खराब होतं.

३. गाडी चालू करून पाव-पाव फेरा फिरवा. दर वेळी थोडं थांबा. आरपीएम सगळ्यात जास्त होतो तिथे सोडा.

४. आता वेगाच्या स्क्रूने आरपीएम मॅन्युअलच्या आकड्यावर आणा.

कोड डीबग करताना जे करतो तेच इथे : एका वेळी एकच बदल. जमलं नाही तर लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर स्क्रू परत आणता येतो.

बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढून गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

एवढं करूनही फरक नसेल तर मेकॅनिककडे जा. पण ‘रेसिंग वाढवून द्या’ म्हणू नका. ‘चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते, फिल्टर आणि प्लग पाहिलाय’ असं सांगा. मग तो थेट पायलट जेट उघडेल आणि उगाच पार्ट बदलायचा खर्च वाचेल.