नगरला राहायला येताय? आधी पाण्याचा इतिहास विचारा

मंडळी, मे-जून आला की एक प्रश्न हमखास येतो. कुणाची बदली झालेली असते, कुणाला एमआयडीसीत नोकरी लागलेली असते. कुणी पाथर्डी, जामखेड, श्रीगोंद्याहून पोरांच्या शिक्षणासाठी येत असतं, तर कुणी पुण्यातले भाव बघून परत फिरलेलं असतं. प्रश्न एकच. "नगरमध्ये कुठं घर बघावं? सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, भिंगार, की कल्याण रोड?"

उत्तरंही ठरलेली. शाळा जवळ आहे, रस्ता मोठा आहे, गुंठ्याचा भाव अजून परवडतो. चूक काहीच नाही. पण या शहराचा पाचशे वर्षांचा इतिहास बघितला तर वस्ती कुठं वाढणार आणि कुठं हाल होणार हे दोनच गोष्टींनी ठरवलंय. प्यायचं पाणी येतं कुठून आणि पावसाचं पाणी जातं कुठं. आज एजंट या दोन्ही गोष्टी सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

शहरच मुळात स्थलांतरातून झालंय

कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. पण हे शहर काही एखाद्या खेड्याचं हळूहळू वाढून झालेलं नाही. कुणीतरी ठरवून, जागा बघून वसवलंय. मलिक अहमद याची गादी होती जुन्नरला. 28 मे 1490 रोजी त्यानं भिंगारजवळ बहामनी सरदार जहांगीरखानाचा पराभव केला. तिथं बाग निजाम उभी राहिली, पुढं त्याच जागी किल्ला झाला. 1494 मध्ये त्यानं सीनेच्या डाव्या काठावर शहराची पायाभरणी केली.

हीच जागा का? त्याचा डोळा दौलताबादच्या किल्ल्यावर होता. जुन्नरहून तिथं फौज पाठवायची तर लांबचा पल्ला. नगर जवळजवळ मधोमध पडतं. इथं तळ ठोकायचा, सुगीच्या दिवसांत दौलताबादच्या मुलखावर स्वारी करायची आणि किल्ल्याची रसद तोडायची, असा हिशोब होता. 1499 मध्ये दौलताबाद हातात आलंच. म्हणजे आपल्या शहराचा पहिला 'रहिवासी' सुद्धा कामाच्या सोयीनंच इथं आला. आज एमआयडीसी जवळ म्हणून नागापूरला खोली घेणारा पोरगा वेगळं काय करतो?

जागा सोयीची, पण पाणी?

अडचण लगेच समोर आली असणार. आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. सीना उगमापासून फार लांब आलेली नाही, त्यामुळे पावसाळा संपला की पात्रात काय उरतं ते आपण बघतोच. राजधानीची माणसं, घोडे, हत्ती, बागा एवढ्या नदीवर भागणार कसं?

यावर निजामशाहीनं काढलेला तोड म्हणजे खापरी नळ. शहराच्या आजूबाजूला चढावर असलेल्या गावांकडून, म्हणजे कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंनी पाणी आणलं. विहिरी आणि झऱ्यांचं पाणी गोळा करायचं, मातीच्या भाजलेल्या नळांतून चुन्याच्या बांधकामात बसवून जमिनीखालून आणायचं. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधायचे. त्यातून नळातली हवा बाहेर पडायची, गाळ काढता यायचा. ना मोटार, ना वीज. फक्त जमिनीचा उतार. 1884 च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये या नळांची नावानिशी नोंद आहे.

आता गंमत बघा. हे नळ सरदारांनीही आणले. ज्याचा नळ, त्याची बाग, त्याचा हौद आणि त्याच्याभोवती वस्ती. 1583 मध्ये पूर्ण झालेला फराहबाग तर तलावाच्या मधोमध उभा. सरदार राहायची जागा ठरवताना आधी पाणी ठरवायचे. आपण आधी पार्किंग ठरवतो.

वेस, कॅम्प आणि स्टेशन

पुढं शहराला तटबंदी आली. दिल्ली दरवाजा, माळीवाडा वेस, झेंडीगेट, मंगलगेट, नालेगाव ही नावं तेव्हाच्या सीमा सांगतात. 'वेशीच्या आत' म्हणजे सुरक्षित, बाहेर म्हणजे आपल्या भरवशावर. ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीच्या फौजेनं तटाला शिड्या लावून आधी शहर घेतलं आणि चार दिवसांत किल्ला. तटाची भिंत माणसाला वाचवते हा समज तिथं संपला.

इंग्रजांनी स्वतःसाठी जुनं शहर निवडलं नाही. किल्ल्याच्या पलीकडं, भिंगारच्या बाजूला मोकळ्या जागेत कॅम्प बसवला. रुंद रस्ते, झाडं, लांब-लांब बंगले. भिंगार नगरपेक्षाही जुनं गाव, पण तेव्हापासून त्याचं नशीब छावणीशी बांधलं गेलं. आजही तिथला कारभार, बांधकाम परवानगी, जमिनीचे नियम शहरापेक्षा वेगळे आहेत. भिंगारला घर बघत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, की परवानगी नेमकी कुणाची लागते.

1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे आली. स्टेशन गावात नाही आलं, गावापासून तीन-चार किलोमीटरवर झालं. गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये स्टेशन रोड उभा राहिला आणि शहर पहिल्यांदा त्या दिशेला पसरलं. केडगावचं आजचं महत्त्व या रेल्वेचं आणि पुणे रस्त्याचं देणं आहे.

मुळा धरण आलं आणि सावेडी झाली

आता आपल्या आई-वडिलांच्या काळात येऊ. पूर्वी सावेडी म्हणजे शेतं. तिथं बंगला बांधणाऱ्याला लोक विचारायचे, "एवढ्या लांब?" मग सावेडी वाढली कशी? एक कारण मनमाड रोड आणि नागापूरची एमआयडीसी. दुसरं कारण रस्त्याच्या नावातच आहे. पाईपलाईन रोड!

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा धरण झालं. 26 टीएमसीचं. तिथून मुळानगर, विळद असे टप्पे घेत पाणी वर चढवून वसंत टेकडीवर आणायचं आणि तिथून शहराला सोडायचं, अशी ही व्यवस्था. पाणी उत्तरेकडून आलं आणि शहरही उत्तरेकडं सरकलं. पाचशे वर्षांपूर्वीचाच खेळ, फक्त खापरी नळाच्या जागी लोखंडी पाईप.

फरक एकच, पण मोठा. निजामशाहीतलं पाणी उतारानं यायचं, आपलं पाणी विजेवर चढतं. म्हणून विळदला किंवा मुळानगरला वीज गेली, मोटार बिघडली, की सगळ्या नगरचं वेळापत्रक कोलमडतं. अशा वेळी टाकीपासून लांब, लाईनच्या टोकाला राहणाऱ्याचे हाल जास्त. टोकाला दाब कमी पडतो, हा पाईपचा साधा नियम आहे. यात सावेडी चांगली आणि केडगाव वाईट असं काही नाही. तुमची गल्ली लाईनवर कुठं आहे, हा प्रश्न आहे.

येणारं पाणी बघितलं, जाणाऱ्याचं काय?

1624 ची भातोडीची लढाई आठवा. मलिक अंबरनं भातोडीच्या तलावाचं पाणी सोडलं आणि मुघल-आदिलशाही फौजेच्या तळाचा चिखल केला. पाणी उतारानंच जाणार, वाटेत कोण उभं आहे हे ते बघत नाही. हे अंबरला कळत होतं. आपल्याला कळेनासं झालंय.

सीना वर्षातले बरेच महिने कोरडी असते, म्हणून आपण तिला नदी मानायचंच सोडलं. पण जोराचा पाऊस झाला की कल्याण रोडच्या पुलावर पाणी येतं, वाहतूक थांबते आणि पलीकडं राहणाऱ्यांचा शहराशी संपर्क तुटतो. नालेगावची खालची बाजू, नागापूर-बोल्हेगावकडचे सीनेकाठचे भाग, सगळ्यांना हा अनुभव आहे.

नदी निदान दिसते तरी. ओढे तर दिसतच नाहीत. उपनगरं ज्या शेतांवर उभी राहिली, त्या शेतांतून ओढे वाहत होते. प्लॉट पाडताना कुठं ओढा वळवला, कुठं पाईपमध्ये घातला, कुठं सरळ बुजवला. आठ महिने काही कळत नाही. मग एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस होतो आणि पाणी जुन्या वाटेनं निघतं. आता त्या वाटेवर कुणाचा तरी हॉल असतो.

यात अडकतो कोण? ज्याच्याकडं पैसा कमी आणि घाई जास्त. गावाकडची दोन एकर विकून, पीएफ काढून एक-दीड गुंठा घेणारा. 'स्वस्त आहे, लगेच बांधता येईल' म्हणून जी जागा मिळते, ती का स्वस्त आहे हे त्याला कुणी सांगत नाही. सांगणारी म्हातारी माणसं गावात आहेत, पण हा माणूस नवा. नव्या माणसाला उताराची माहिती नसते, हेच त्याचं सगळ्यात मोठं नुकसान.

म्हणून, विसार देण्याआधी एवढं करा:

1. जागा पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळे प्लॉट सारखेच दिसतात.

2. सातबारा बघता तसा जुना गाव नकाशा आणि गट नकाशा बघा. त्यात ओढा, नाला, शीव, गाडीवाट दाखवलेली असते. आजच्या जागेशी ताडून बघा.

3. सीनेच्या जवळ असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त असलं तरी महागच.

4. 'एनए आहे' आणि 'गुंठेवारी होऊन जाईल' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुंठेवारीच्या कायद्यानं कागद नियमित होतो, जमिनीचा उतार बदलत नाही.

5. शेजारच्या चार घरांत विचारा. पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, टँकर कधी लागतो? पुरुषांना नका विचारू, त्यांना माहीत नसतं. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा.

6. त्या भागातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला गाठून विचारा, "इथं पूर्वी काय होतं?" चहाच्या कपात जे कळेल ते कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

आता एक गोष्ट आपल्या सगळ्यांची, नव्यांचीही आणि जुन्यांचीही. 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. आजूबाजूची गावं शहरात आली, त्यांचे ओढेही शहरात आले. मग प्रत्येक प्रभागातल्या ओढ्या-नाल्यांचा आणि पूररेषेचा नकाशा, साध्या मराठीत, प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर का लागू नये? मालमत्ता कर भरायला येणाऱ्याला तो दिसला पाहिजे. प्लॉट घ्यायला आलेल्या परगावच्या माणसालाही दिसला पाहिजे. याला काही कोट्यवधी लागत नाहीत. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं तर रस्त्याच्या आणि लाईटच्या जोडीला ही मागणी करा.

नगरनं आजवर सगळ्यांना सामावून घेतलंय. जुन्नरहून आलेल्यांना, पलटणींबरोबर आलेल्यांना, रेल्वेबरोबर आलेल्यांना, 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांना. तुम्हीही या. फक्त येताना पाण्याची वाट विचारून या.