फोटोत न दिसणारा काटा

बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी ३१ वर्षं एक्स-रे काढले. आमच्याकडचे लोक एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. एकदा एक ऊसतोड कामगार असाच पायाचा फोटो काढायला आला. करंगळीमागच्या हाडावर सूज होती आणि वर्षभर लंगडणं चालू होतं. काटा मोडला होता का, असं विचारलं तर म्हणाला, “काटे तर रोजच मोडत्यात, सायेब. कोणता ध्यानात ठेवायचा?”

फिल्म धुऊन उजेडासमोर धरली. काटा कुठेच नव्हता. हाडाला मात्र एका बाजूने कुरतडल्यासारखी खाच पडली होती आणि तिच्याभोवती नव्या हाडाचा पातळ पापुद्रा धरला होता.

गोधडी शिवताना खाली पडलेली सुई पायात मोडली, तर ती फिल्मवर पांढऱ्या रेघेसारखी लखलखते. अशा सुया मी पुष्कळ पाहिल्या. लाकडाची सावली मात्र मांसाच्या सावलीत मिसळून जाते. म्हणून काटा शोधायचा तर हाडाने काय केलंय ते बघावं लागतं.

निवृत्तीनंतर सुश्रुतसंहिता वाचायला घेतली, तेव्हा हे दुखणं किती जुनं आहे ते कळलं. सूत्रस्थानाचा २६वा अध्याय हरवलेल्या शल्याचाच आहे. आपण ‘मनात शल्य राहिलं’ म्हणतो, पण शल्य म्हणजे मुळात बाणाचं टोक, अंगात शिरून राहिलेली वस्तू. शल्यचिकित्सा हे नावही त्यावरूनच पडलं. शल्य कातडीत हरवलं असेल तर तिथे थिजलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावायचा. तूप जिथे पाघळेल, लेप जिथे आधी सुकेल, तिथे शल्य. शिरा-स्नायूंत असेल तर रोग्याला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खाचखळग्यांतून पळवायचं आणि कळ कुठे उठते ते बघायचं. हाडात असेल तर तेल लावून शेकायचं, आवळून बांधायचं, दाबायचं.

पुढचा अध्याय शल्य काढण्याचा. हाडात घट्ट रुतलेलं शल्य पायांनी रेटा देऊन यंत्राने ओढायचं. तरी निघालं नाही, तर धनुष्याच्या दोरीने ते घोड्याच्या लगामाला बांधायचं आणि घोड्याला चाबूक मारायचा. घोडा मान उडवतो, त्या हिसक्याने शल्य बाहेर! लाकूड, बांबू, गवत आत राहिलं तर रक्त-मांस पिकवतं, हेही तिथे लिहून ठेवलंय.

माझ्या आजीने यातलं काही वाचलं नव्हतं. ती दिव्याजवळ बसून माझा पाय मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याच्या नखाने दाबत जायची, “इथं का? इथं?” मी पाय झटकला की जागा सापडली! मग सुईने कोरायचं, रुईचा चीक लावायचा, नाहीतर बिब्याचा चटका द्यायचा. एवढं करून टोक आत राहिलंच, तर पुढे तिथे कुरूप व्हायचं.

१८९५मध्ये जर्मनीत राँटगेनना क्ष-किरण सापडले. दोन वर्षांत इंग्रजी फौजेने ते यंत्र वायव्य सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत नेलं आणि जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. बाणाचं टोक शोधणाऱ्या वैद्याला हवं होतं तेच हाती आलं. धातू लपायचा राहिला नाही. बाभळीचा काटा मात्र लपतच राहिला. आता सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसतो, पण तेव्हा आमच्याकडे ती सोय नव्हती.

त्या कामगाराच्या पायावर सर्जननी बोटाने दाबत दाबत जागा हेरली. कळ आली तिथे खूण केली आणि दुसऱ्या दिवशी पाय उघडला. हाडाच्या खाचेत बाभळीच्या काट्याचा काळा पडलेला, नखाएवढा तुकडा होता. धुऊन त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “वर्षभर ह्यालाच सांभाळलं व्हय मी?”